सात पाऊण सव्वापाच

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून कॉलेजमधनं फोन आला तेव्हा मी इचलकरंजीला स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. फोन ठेवला आणि पुढचा पेपर काही तपासून झाला नाही. गॅदरिंग, कॅन्टीन, एनएसएसचा कॅम्प, यावर बाकीचे लिहितीलच. मी सरांवर लिहिणार. झूऑलॉजीचे सर. नाव लिहायची गरज नाही, त्या काळात कॉलेजात असलेल्या कुणालाही विचारा 'दर्याचे सर' कोण, लगेच सांगेल.

समुद्र कोल्हापुरापासनं सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब. आपली पंचगंगा तर त्याच्याकडं पाठ करूनच वाहते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं. गगनबावड्याला घाटमाथ्यावर पडलेला थेंब अलीकडं पडला तर कुंभीतनं एवढा लांबचा फेरा मारतो आणि हातभर पलीकडं पडला तर सरळ कोकणात उतरतो, हे सर पहिल्याच तासाला सांगायचे. सर मूळचे मालवणकडचे, नोकरीसाठी इथं आले आणि रंकाळ्याच्या बाजूला एका भाड्याच्या खोलीत जे राहिले ते इथलेच झाले. पण लॅबच्या दाराशेजारी एक छोटा काळा फळा होता, त्यावर रोज सकाळी आल्या आल्या, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी, ते खडूनं लिहायचे: आजची तिथी, रत्नागिरीची भरती, रत्नागिरीची ओहोटी. आम्ही उसाच्या मुलखातली पोरं, कुणी समुद्र बघितलेला, बऱ्याच जणांनी नाही. तरी प्रॅक्टिकलला आत जाताना प्रत्येकाची नजर त्या फळ्यावर जायचीच.

आता एकच गोष्ट सांगते. वर्ष १९८९, मी टीवायला, थंडीचे दिवस. सरांनी रत्नागिरीची ट्रिप ठरवली, एसटी प्रासंगिक करारावर घेतली आणि निघायची तारीख काढली ती नेमकी अमावस्येच्या रात्रीची. घरी सांगितलं आणि आजीनं एका वाक्यात विषय संपवला, "अवसंच्या राती आंबा घाट? न्हाई जायाचं." वडील आजीच्या पुढं बोलायचे नाहीत. मी रडून कॉलेजात सांगितलं की माझं नाव काढा.

त्याच संध्याकाळी सर सायकलवरनं आमच्या घरी. आजी गोठ्याच्या दारात धारा काढून बसलेली, सर तिच्यासमोर पायरीवरच बसले, खुर्ची दिली ती घेतली नाही. आजी म्हणाली, "मास्तर, डोस्कं ठिकाणावर हाय का? अवसंला पोरी घाटात उतरवतायसा?" सरांनी वाद घातला नाही. विचारलं, "आजी, आज तिथी कुठली?" एकादश्या धरणारी बाई ती, तिला कॅलेंडर कशाला लागतंय, म्हणाली सप्तमी. सर म्हणाले, "सातची पाऊणकी करा." आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती पण जन्मभर दुधाचा हिशोब केलेला, पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या न् पाऊणपटीचे पाढे, तोंडपाठ. पटकन म्हणाली, "सात पाऊण सव्वापाच." सर म्हणाले, "झालं. आज सव्वापाचच्या सुमाराला रत्नागिरीत भरती भरलेली. आमच्याकडं असंच मोजतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्याच्या सहा तास मागं-पुढं ओहोटी."

आजी गप्प. मग तिनंच पुढं मोजलं, आठ पाऊण सहा, नऊ पाऊण पावणेसात, बोटं मोजत मोजत अवसेपर्यंत गेली, पंधरा पाऊण सव्वाअकरा. सर म्हणाले अष्टमीला भांग असतं, पाणी थोडंच चढतं न् थोडंच उतरतं. अवसेला न् पुनवेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, उधाण येतं, म्हणजे पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब मागंही जातं. "एरवी पाण्याखाली असलेली घरं त्याच दोन-तीन दिवसांत उघडी पडतात आजी, दुसऱ्या दिवशी पाडव्याला पहाटे पावणेसातला मला पोरांना तिथं उभं करायचंय. म्हणून अवस." आजीनं विचारलं, कुणाची घरं? तर सरांनी अर्धा तास तिला खेकडे, कालवं, शिंपले सगळं सांगितलं, अंधार पडला तरी उठले नाहीत. जाताना आजीनं त्यांच्या हातात एक लिंबू दिलं, गाडीला बांधा म्हणून. सरांनी ते खरंच बांधलं, ड्रायव्हरच्या समोर स्वतःच्या हातानं.

मिऱ्याच्या खडकांवर आम्ही पोचलो तेव्हा नुसतं फटफटलं होतं. पाणी खूप आत गेलेलं, खडकांवर हिरवं शेवाळ, खळग्या-खळग्यांत पाणी साठलेलं. मी एक परातीएवढा दगड उलटला आणि खालनं एक जग निघालं: दगडाच्या पोटाला चिकटलेले केशरी स्पंज, पाठीवर आठ तुकड्यांचं चिलखत असलेला कायटन, आणि एक ब्रिटल स्टार, दोऱ्यासारखे पाच हात वळवळवत सावली शोधत पळत होता. मी मैत्रिणींना हाका मारल्या, सगळ्यांनी बघितलं, आणि आम्ही तशाच पुढच्या खळग्याकडं गेलो. मागनं सरांचा आवाज आला. सर कधी ओरडायचे नाहीत, पण मन हललं की मालवणीत बोलायचे. "बाय, तो दगड होतो तसो ठेव गो." परत गेले. ते शेजारी गुडघ्यावर बसले न् दाखवलं: उन्हात पडलेली खालची बाजू तासाभरात वाळून मरणार आणि वरचं शेवाळ दगडाखाली अंधारात कुजणार, एका दगडानं दोन्ही घरं बुडाली. ओली बाजू खाली, हळूच, कुणी चिरडणार नाही असा तो दगड मी ठेवला तोवर सर तिथंच बसून होते, त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

शंख-शिंपले गोळा करायला सरांनी कुणाला दिले नाहीत. रिकामा शंख म्हणजे शंखातल्या खेकड्याची भाड्याची खोली, म्हणायचे. त्यामुळं मी आजीसाठी काहीच आणलं नाही. तिनं विचारलं काय आणलंस, मी दगडाची गोष्ट सांगितली. त्यानंतर आजी जाईपर्यंत रोज संध्याकाळी दिवा लावताना तिथी मोजून म्हणायची, "तुज्या मास्तरचा दर्या अमक्या वाजता भरला आसंल."

मी आज ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. माझ्या तीन विद्यार्थ्यांनी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिक्षण घेतलं, त्यातली एक शेतमजुराची मुलगी आहे, तिचा मला फार अभिमान वाटतो. मी त्यांना पाऊणकी शिकवते. आधी पाऊणकीच शिकवायला लागते, आता ती कुणाला येत नाही. मोबाईलवर मिनिटामिनिटाची भरती दिसते, पण अष्टमीला पाणी कमी का आणि अवसेला जास्त का, हे मोबाईल बघून कुणी विचारत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. रात्रीच्या ट्रिपा तर बंदच झाल्या. परवानग्या, इन्शुरन्स, पालकांची पत्रं, एवढं करून पोरं दुपारी बाराला बीचवर पोचतात, भरती आहे की ओहोटी ते न बघता, आणि फोटो काढून परत येतात.

सरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचं कुठं मोठं पुस्तक नाही, पुरस्कार नाही. जून लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत ताटात मासा घ्यायचे नाहीत, अंडी घालायचे दिवस आहेत म्हणायचे, सरकारची पावसाळी मासेमारी बंदी असो नसो. मालवणच्या माणसानं दोन-तीन महिने मासा सोडायचा म्हणजे काय, ते मालवणच्या माणसालाच विचारा.

स्मरणिकेच्या मीटिंगला गेल्या महिन्यात कॉलेजात आले होते. लॅब आता पहिल्या मजल्यावर गेली, जुन्या खोलीत कॉम्प्युटर आहेत. पण दाराशेजारचा फळा तिथंच आहे, कुणी काढला नाही, कुणी लिहीतही नाही. शिपाईमामांकडनं खडू मागून घेतला. त्या दिवशी दशमी होती. दहा पाऊण साडेसात.