धावून आल्यानंतरची भूक

पहाटे साडेपाचला घरातून निघायचे, पणजीतल्या मिरामारच्या कडेने दोनापावलाच्या दिशेने धावत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, हा माझा नेम आता चार वर्षांचा झाला. जाऊन-येऊन सहा किलोमीटर होतात. परतीच्या वाटेवर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीच्या थोडे अलीकडे, पोदेर, म्हणजे घरोघरी पाव पोचवणारा आमच्याकडचा पाववाला, मला मागून गाठतो. सायकलच्या कॅरिअरवर बांबूची भली मोठी पाटी, तिच्यावर निळे प्लास्टिक आणि हँडलला रबरी भोंगा असा त्याचा संसार असतो. तो पुढे निघून जातो तेव्हा प्लास्टिकच्या फटीतून भट्टीतल्या ताज्या पावांचा वास बाहेर पडतो आणि पुढची पन्नास-साठ पावले तरी मी समुद्राची हवा खात नसून उंडेच, म्हणजे ते गोल गोवेकरी पावच, खात असतो.

धावण्याला सुरुवात केली त्या पहिल्या वर्षी माझे वजन दोन किलोंनी वाढले. त्याचे कारण सरळ होते. धावून आलो म्हणजे आपण काहीतरी कमावले, आणि कमावलेले खर्च करण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी माझी समजूत होती. त्या हक्काने मी बाजारातल्या हॉटेलात पातळ भाजी, दोन पाव, त्यांच्यासोबत मिरचीचे भजे आणि शेवटी चहाबरोबर एक गोड बन असा नाश्ता करीत असे. सपाटीवर धावताना माणूस दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. बहात्तर किलोच्या माझ्यासारख्याने सहा किलोमीटर धावून जेमतेम चारशे तीस किलोकॅलरी जाळल्या, तर त्या नाश्त्यासमोर त्यांचा पाड किती लागणार? पाऊण तास गाळलेला घाम दहा मिनिटांत सव्याज परत घेण्याचा हा व्यवहार मी वर्षभर इमानेइतबारे चालवला.

मग, अशा वेळी होते तसे, दुसरे टोक गाठले. भात बंद, पाव बंद. सकाळी ओट्स, दुपारी काकडी-गाजर आणि रात्री उकडलेल्या भाज्या. पहिल्याच आठवड्यात काट्यावर दोन किलो कमी दिसले आणि मी घरभर सांगत सुटलो. ते दोन किलो बहुतांशी पाणी होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टमय अन्नातून शरीराने बाजूला ठेवलेले इंधन, साठलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भात-पाव तोडले की हा साठा आटतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. काटा खूश होतो, पाय मात्र होत नाहीत. चौथ्या किलोमीटरला मांड्यांत वाळू भरल्यासारखी वाटू लागली. शिवाय काकडी-गाजराचा चोथा पोटात घेऊन धावण्यात जी एक खास गैरसोय असते, तिचे वर्णन सभ्य लेखनात करता येत नाही.

खरी गोम निराळीच होती, आणि ती घड्याळात होती. जोराने धावून आल्यावर काही काळ भूक मंदावते. साडेसातला मला खाण्याची इच्छाच नसे, म्हणून मी थोडेसे चिवडून कामावर जाई आणि स्वतःच्या संयमाचे कौतुक करी. अकरा वाजता मात्र ती भूक व्याजासकट हजर होई, आणि त्या वेळी तिच्यासमोर असे ते कार्यालयातले फरसाण. दिवसाचे सगळे पथ्य अकरा ते सव्वाअकरा या पंधरा मिनिटांत बुडत असे.

आम्ही घरी कोकणी बोलतो आणि लिहितो मराठीत, त्यामुळे आईचे म्हणणे तिच्याच भाषेत सांगतो. एका सुटीच्या दिवशी साडेदहाच्या सुमारास ती म्हणाली, "पेज जेवून घे." आमच्याकडे पेज पीत नाहीत, जेवतात. उकड्या तांदळाची लालसर, जाड शिते तळाशी बसलेली, वर दाट निवळ, त्यात मिठाचा खडा, आणि बाजूला कैरीच्या लोणच्याची फोड किंवा भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा. पहिला घोट घेतला आणि तासाभरापासून कपाळात ठणकत असलेली शीर हळूहळू शांत झाली. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळत राहतो, आणि त्याच्याबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातात. पेजेच्या एका वाडग्यात पाणी, मीठ आणि पायांना हवा असलेला पिष्टाचा भाग असे तिन्ही एकत्र होते. उकड्या तांदळासाठी टरफलासकट भात उकडून वाळवताना कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, हा त्यावरचा नफा.

यावरून पूर्वजांना सगळे शास्त्र ठाऊक होते, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. साडेदहाची पेज ही पहाटे शेतात उतरलेल्या माणसाची गरज होती, आणि पुष्कळांच्या घरी पेजेवाचून दुसरे काही नव्हते म्हणूनही ती होती. माझे धावणे हौसेचे आणि त्यांचे राबणे पोटाचे. फक्त पहाटे शरीर दमवून घेतल्यावर भूक कधी लागते, याबाबत आमच्या पोटांचे एकमत आहे. हल्ली मी पेज डब्यात घालून कार्यालयात नेतो. पहिले आठ दिवस सहकाऱ्यांनी मला कोणता आजार झाला आहे याची चौकशी केली.

बाकीचे आपोआप बसत गेले. दुपारी शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, आणि बांगडा किंवा तारली. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी: अळसांद्यांचे, चवळीसारख्या कडधान्याचे, तोणाक म्हणजे रस्सा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात तेव्हा कडधान्याचा हात थोडा सढळ होतो. रविवारी बारा किलोमीटर धावायचे असले तर शनिवारी रात्री भाताचा एक वाढप अधिक घेतो, आणि तो घेताना आता मनात चोरटेपणा नसतो. पावसात धावणे निम्म्यावर येते. जेवण निम्म्यावर येत नाही. ही उधारी अजून फिटलेली नाही.

पाव मात्र मी कायमचे सोडले नाहीत. रोज सकाळी दोन उंडे घेतो, हिशेब महिन्याचा. गेल्या रविवारी बारा किलोमीटर संपवून फाटकाशी गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो, तेव्हा पोदेराने सायकल उभी केली, प्लास्टिक बाजूला सारले आणि मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "सायबा, इतले धांवतात आनी उंडे दोनच?"

त्या दिवशी चार घेतले.