आमची वाटचाल: महालातल्या स्टुडिओपासून निवडुंगाच्या नर्सरीपर्यंत

लग्न होऊन अमरावतीहून नागपूरला आले, तेव्हा माझ्या सामानात ब्रह्मकमळाची तीन पानं होती, ओल्या पंच्यात गुंडाळलेली. सासर महाल या जुन्या वस्तीत. वर घर, खाली सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ. मी त्यांना बाबाच म्हणायची. ती पानं मी गच्चीवर एका फुटक्या माठात लावली आणि तिसऱ्या पावसाळ्यात, 2001 च्या जुलैत, पहिली कळी धरली.

फूल उमलणार त्या रात्री बाबांनी स्टुडिओतली छत्री आणि फ्लॅश गच्चीवर चढवले. नऊच्या सुमारास कळीचं टोक सैल झालं, साडेअकराला फूल पूर्ण उघडलं, वासानं शेजारचे लोक आपापल्या गच्चीवर आले. पहाटे फुलानं मान टाकेपर्यंत बाबा खुर्चीवरून उठले नाहीत. लग्नासाठी ठेवलेला 36 फोटोंचा रोल त्यांनी एका फुलावर संपवला. प्रिंट धुऊन आल्यावर प्रत्येकीच्या मागे वेळ लिहिली आणि स्टुडिओच्या जुन्या रोजमेळाच्या वहीत एक नवं पान उघडलं: कळी दिसली ती तारीख, उमलली ती तारीख, आणि त्या दिवशी पेपरात आलेलं किमान तापमान. आमचा धंदा त्या वहीतून उभा राहिला असं मी मानते.

वाचता वाचता बाबांना कळलं की हे ब्रह्मकमळ म्हणजे मेक्सिकोकडच्या जंगलात झाडांवर वाढणारा एक निवडुंगच आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ अगदी वेगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं. आपण ज्याला पान म्हणतो ते याचं चपटं खोड. आजही नर्सरीत येणाऱ्या काकू हे ऐकून थबकतात. देवाला वाहतो ते फूल निवडुंगाचं कसं, असं विचारतात. मी त्यांना खोडाच्या कडेची खाच दाखवते, कळी तिथूनच येते.

पुढच्या काही वर्षांत डिजिटल कॅमेरे आले, रोल धुण्याचं काम संपलं आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोंपुरतीच वर्दळ उरली. गच्चीवर मात्र कुंड्या वाढत गेल्या. फोटो काढायला आलेली माणसं भिंतीवरच्या फुलांच्या तसबिरी बघायची आणि हे झाड मिळेल का म्हणून विचारायची. 2008 मध्ये ह्यांनी हिंगण्याच्या बाजूला अर्धा एकर जागा भाड्यानं घेतली. शेडनेट टाकलं, मांडण्या केल्या. माती मात्र तिथली वापरली नाही. आपली काळी माती पाणी धरून बसते, त्यात निवडुंगाची मुळं महिनाभरात सडतात. कन्हान नदीची रेती, विटांचा चुरा आणि थोडं जुनं शेणखत, हे आमचं मिश्रण तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

नागपूरच्या उन्हात निवडुंग आपोआप फोफावत असेल, असं बहुतेकांना वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही रोज पाणी घातलं आणि झाडं हातची घालवली. वहीनं खरं कारण दाखवलं. ही झाडं दिवसा आपली रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात. त्यासाठी रात्र गार लागते. त्यांच्या मूळ मुलखात दिवस कितीही तापला तरी रात्री वाळू निवते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा 30 च्या आसपास असतो, मग झाड काम थांबवतं आणि झोपी जातं. झोपलेल्या झाडाच्या मुळाशी पाणी नुसतं साचून राहतं. आता नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, आम्ही पाणी जवळजवळ तोडतो. दिलंच तर पंधरवड्यातून एकदा, रात्री नऊनंतर, कुंडीच्या काठाला हात लावून ती निवली आहे याची खात्री करून. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्याही काढून टाकल्या, त्यांच्यात मुळं अक्षरशः शिजायची.

हिवाळ्याचा धडा याच्या उलटा होता. एका वर्षी थंडीच्या भीतीनं ह्यांनी अर्ध्या मॅमिलारिया, म्हणजे लहान गोल निवडुंग, आत घेतल्या आणि त्यांना पाणी देत राहिले. गच्चीवर कोरड्या राहिलेल्यांनी फेब्रुवारीत डोक्यावर फुलांची गोल चक्रं धरली. आतल्या हिरव्यागार, पण त्यांच्यावर फूल एकही नाही. तेव्हापासून दिवाळी झाली की पाणी कमी आणि संक्रांतीपर्यंत झाडं उपाशी. सुरकुतलेलं झाड पाहून गिऱ्हाईक घाबरतं, फोन येतात. मी सांगते, ताई, थोडं थांबा, शिवरात्रीच्या आसपास बघा.

2013 चा पावसाळा आमच्यासाठी फार वाईट गेला. पाऊस हटेचना, आमच्याकडे तेव्हा नुसतं शेडनेट, वर प्लास्टिक नव्हतं. सकाळी मांडणीवरून हात फिरवला की एखादं झाड बोटाखाली दबायचं. वरून टवटवीत, बुडाशी तपकिरी आणि मऊ. चांगला भाग मिळेपर्यंत कापत जायचं, काप स्वच्छ दिसला की गंधक लावून कोरड्या जागी पालथं ठेवायचं, असं आम्ही तिघं रात्री दोनपर्यंत करत होतो. तरी सहाशेच्या वर झाडं गेली. त्या दिवाळीत घरात नवे कपडे झाले नाहीत, त्या पैशांतून मांडण्यांवर पारदर्शक छप्पर आलं. मृग लागायच्या आत ते तपासणं हे आमचं दरवर्षीचं पहिलं काम आहे.

एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. त्यानंतरच्या वर्षी माल कमी पडला म्हणून बाहेरगावच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून चाळीस लहान कॅक्टस मागवले. प्रत्येकावर लाल, पिवळं फूल. आम्ही घाईत होतो, नीट पाहिलं नाही, काही विकलेही. तीन महिन्यांनी धरमपेठेतल्या एक आजी कुंडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, याचं फूल मिटतच नाही." बाबांनी भिंग लावलं. वाळकं, रंगवलेलं फूल गरम डिंकानं शेंड्यावर चिकटवलेलं होतं, नेमकं जिथून झाड वाढतं तिथे. उरलेल्या झाडांवरचे डिंक काढताना काटे आणि सालही निघून आली. आजींना पैसे परत केले आणि आमच्याकडचं एक खरं झाड दिलं. ज्यांचे नंबर होते त्या प्रत्येकाला फोन केला. त्यानंतर बाहेरचा तयार माल घेणं बंद केलं. आजही बाजारात असं झाड दिसलं की माझा जीव तुटतो, कारण घेणारा माणूस पहिल्यांदाच हौसेनं घेत असतो आणि ते मेलं की आपल्याला झाडं जगत नाहीत असं समजून बसतो.

म्हणून आता सगळं बियांपासून. बऱ्याच निवडुंगांना स्वतःचा पराग चालत नाही, दोन वेगळी झाडं एकाच वेळी फुललेली लागतात. एकाच झाडाच्या पिल्लांनी भागत नाही. वही इथे पुन्हा कामाला येते, कोणाची जोडी कधी जमते ते तिच्यात आहे. ह्यांच्या खिशात बारीक ब्रश कायम असतो. अडेनियम निवडुंग नव्हे, पण तेही आम्ही बियांपासूनच करतो; त्याच्या शिंगांसारख्या जोडशेंगा फुगल्या की मी त्यांना दोऱ्याचे वेढे देते, नाहीतर शेंग उकलते आणि दोन्ही टोकांना रेशमी झुपके असलेल्या बिया एका झुळुकीत कुंपणापार जातात. बियांपासून झाड करायला वर्षं जातात, त्यामुळे आमचे भाव थोडे जास्त आहेत. पण जवळपास सगळं निवडुंग कुळ साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या रानटी झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, रानातून उपटलेली झाडं चोरट्या मार्गानं जगभर विकली जातात, आणि आमच्या मांडणीवर तसं एकही झाड नको.

फोटोंचं काम आता ह्यांच्याकडे आहे. एकिनॉप्सिस या निवडुंगाचं फूल संध्याकाळी उमलतं आणि आपल्या मे महिन्यात सकाळी नऊलाच लोळागोळा होतं, म्हणून पहाटे साडेपाचला कॅमेरा लागलेला असतो. राणी रंगाची फुलं सगळ्यात अवघड. कॅमेऱ्यात लाल रंग आधी भरून जातो आणि पाकळीवरच्या रेघा पुसल्या जातात, फोटोत नुसता सपाट डाग उरतो. हे उजेड एक पायरी कमी धरतात आणि बाजूनं बटर पेपर आडवा लावतात. मग मधली हिरवट किंजल्कं, म्हणजे पराग झेलणारी टोकं, सुटी दिसतात, पाकळीच्या कडेची फिकट रेघही येते.

वाळवंटातली फुलं जागेवर जाऊन पाहायची बाबांची फार इच्छा होती. 2016 च्या मार्चमध्ये आम्ही रेल्वेनं जोधपूर आणि पुढे बसनं जैसलमेर गाठलं. तिथला मूळचा असा एकही निवडुंग नाही, तो मुळात अमेरिका खंडातला. तिथला थोर हा शेराच्या जातीचा, खोड मोडलं की दूध निघतं. पण रोहिडा! पिवळी, केशरी, लाल अशी तिन्ही रंगांची झाडं एकाच माळावर, पानांपेक्षा फुलं जास्त, आणि शिंजीर पक्षी एका फुलातून दुसऱ्यात डोकं घालत होते. केरच्या काटेरी झुडपांवर विटकरी लाल फुलं होती. फोग या वाळवंटी झुडपाच्या कळ्यांचं रायतं आम्ही एका ढाब्यावर खाल्लं. बाबांनी रोहिड्याच्या पंखवाल्या बिया मिळवून आणल्या, पण आमच्याकडे रोपं दोन पावसाळ्यांपुढे गेली नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही, ते झाड तिथेच शोभतं.

2020 मध्ये दुकान बंद असताना घरपोच पाठवणं सुरू झालं. मुळं झटकून, दोन दिवस सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाड आठ-दहा दिवस प्रवास सोसतं. आता निम्मी विक्री तशीच होते. बाबा गेले त्यालाही आता तीन वर्षं झाली. वहीचा चौथा भाग चालू आहे, त्यात आता माझी मुलगी लिहिते.

पाऊस पडून गेला की थरच्या वाळवंटात गोखरूची पिवळी फुलं आणि इंद्रवणाचे वेल दिसतात. ते आम्ही अजून पाहिलेले नाहीत. मागच्या वेळचे जीपवाले भाऊ पाऊस झाला की फोन करतो म्हणाले होते, आणि परवा त्यांचा फोन आला. पोळा आटोपला की आम्ही तिघं निघतोय. ते दहा दिवस नर्सरी उघडी असेल, दीर बसतील, फक्त कुरिअर आम्ही परत आल्यावरच निघतील.