पाटी बघून बसायचं

दुपारी बारा वाजता गणवेशातली पोरं रस्त्यावर दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. नऊ वर्षं झाली, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या आगारात मी एसटीची वाहक आहे. त्यातली सहा वर्षं शाळेची एक तरी फेरी माझ्या ड्यूटीत असतेच. त्यामुळे कुठल्या गावची शाळा कधी सुटते हे तोंडपाठ आहे, आणि बाराला कुठलीच सुटत नाही.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. दुसऱ्या एका गावाहून आम्ही तालुक्याला परत निघालो होतो. वाटेत हायस्कूल असलेलं मोठं गाव लागतं. तिथल्या फाट्यावर पोरांचा घोळका उभा. पाऊस भुरभुरत होता, छत्र्या चार-पाच, बाकीच्यांच्या डोक्यावर दप्तरं. मी दोरी ओढली. गाडी नीट थांबायच्या आतच पोरं दाराला भिडली.

"अरे, ही तुमची गाडी नाही. शाळा सुटली का?"

"सुटली ताई. शोकसभा झाली अन् सोडून दिलं."

गावातलं कुणी मोठं माणूस वारलं होतं. शाळेने पोरांना घरी जायला सांगितलं, पण घरी जायचं कशाने याचा विचार कुणी केला नाही. आगाराला फोन नाही, स्टँडला निरोप नाही. या पोरांची गाडी सव्वापाचला. चार गावांची ही पोरं, शेवटचं गाव फाट्यापासून चौदा किलोमीटर आत. मोठी मुलं कुणाच्या तरी टेम्पोला हात करून गेली होती, काही चालत निघाली होती. उरल्या होत्या बहुतेक मुली आणि लहान पोरं. शाळा लवकर सुटल्याचा आनंद गावात घर असलेल्या पोराला. गाडीने येणाऱ्याला तो पाच तासांचा वनवास असतो, हे मी आजवर किती मुख्याध्यापकांना सांगितलं असेल.

शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे स्कूल बस म्हटली की पिवळी गाडी येते. त्या गाडीसाठी राज्यात २०११ ची वेगळी नियमावली आहे. महिला सहायक हवी, शाळेची परिवहन समिती हवी. आमच्याकडे स्कूल बस म्हणजे हीच लाल गाडी. मळ्यातल्या माणसांसोबत, बाजारच्या पाट्यांसोबत. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. पण नववीचं काय? आणि या रस्त्यावर तर पाचवीच मोठ्या गावात आहे. म्हणजे दहा वर्षांचं लेकरू जूनच्या एका सकाळी पहिल्यांदा एकटं गाडीत चढतं आणि त्याची आई खाली उभी राहून माझ्याकडे बघते. ती काही बोलत नाही. पण ते बघणं मला दिवसभर पुरतं.

पासाची व्यवस्था चांगली आहे, हे मनापासून सांगते. गावाकडच्या मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट. मुलांना भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा भरावा लागतो. २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच द्यायला सुरुवात झाली, त्यामुळे स्टँडच्या खिडकीपुढे रांगेत पोरांचा दिवस जायचा तो वाचला. पण पास म्हणजे गाडी नव्हे. एखाद्या आडगावाला फेरी सुरू व्हायची तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, मुख्याध्यापकांचं पत्र लागतं, पोरांचा आकडा लागतो. मग आगारातून माणूस जाऊन रस्ता बघतो, आणि सगळ्यात आधी बघतो ती गाडी वळवायची जागा. शेवटच्या गावात मारुतीच्या पारापुढे कुणी ट्रॉली लावली की आमची गाडी अडकते. ती जागा मोकळी राहावी म्हणून तिथली एक म्हातारी रोज संध्याकाळी पारावर येऊन बसते. कुणी सांगितलेलं नाही तिला. तिच्या दोन नाती येतात गाडीने.

त्या दिवशी मी स्टँडवरच्या कंट्रोलर साहेबांना फोन लावला.

"किती पोरं आहेत?"

"पन्नासच्या वर."

"मोजून सांगा."

मोजली. त्रेपन्न. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आहेत ते पॅसेंजर इथं आणून सोडा, तीच गाडी घेऊन माघारी जा. जादा फेरी लावतो. तुमच्या दोनच्या फेरीला दुसरी गाडी देतो." अशा वेळी ‘नियमात बसत नाही’ म्हणून फोन ठेवणं सोपं असतं. त्यांनी ते केलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

पोरांना शाळेच्या व्हरांड्यात थांबायला सांगून आम्ही तालुका गाठला आणि एक वाजून पाच मिनिटांनी परत फाट्यावर आलो. मी दारात उभी राहून एकेका गावाचं नाव ओरडले, पोरं चढली. ओल्या कपड्यांचा आणि डब्यातल्या लोणच्याचा वास गाडीभर. पुन्हा मोजली तर बावन्न. एक कमी. गेलं असेल कुणाच्या तरी मोटारसायकलवर, म्हणत मी डबल बेल दिली.

गावागावात उतरवताना पोरांची घरं बंद. माणसं शेतात. एक सातवीतली मुलगी उतरून समोरच्याच घरापाशी गेली, उंबऱ्याजवळचा दगड उचलला, किल्ली काढली आणि धाकट्या भावाला आत घेऊन कडी लावली. मग खिडकीतून मला हात केला. चारही गावं झाली. पण एकाचा फरक काही डोक्यातून जाईना.

संध्याकाळी सव्वापाचची फेरी आमचीच होती. ड्रायव्हर भाऊ म्हणाले, "मॅडम, पोरं तर दुपारीच सोडली. चौदा किलोमीटर मोकळी गाडी न्यायची, चौदा आणायची. डिझेल बघा की." त्यांचं चुकलं नव्हतं. भारमानाचा, म्हणजे गाडी किती भरून धावली याचा, हिशोब आम्हालाही द्यावा लागतो. पण मी म्हणाले, जाऊ या भाऊ. फक्त त्या एका पोरासाठी नव्हे. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, त्यात मीही होते. मागण्या खऱ्या होत्या, त्याबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही. पण जूनमध्ये शाळा भरल्या तेव्हा याच रस्त्यावरच्या दोन मुली गाडीत चढल्या नाहीत. दोघीही नववीपर्यंत आलेल्या. एकीचं लग्न ठरलं होतं. दुसरीच्या बापाने मला सरळ सांगितलं, "गाडीचा भरवसा न्हाई, मग कशाला पाठवू?" तेव्हापासून शाळेची फेरी मोकळी जरी गेली तरी ती जावी, या मताची मी झाले. आईबाप पोरगी पाठवतात ती गाडीच्या वेळेच्या जिवावर.

फाट्यावर कुणी नव्हतं. भाऊंनी गिअर टाकला. मी सवयीने खाली वाकून बघितलं, तर पिठाच्या गिरणीच्या पायरीवर एक मुलगी उभी राहिली आणि दप्तर सावरत आली. पाचवीतली. जूनपासूनच यायला लागलेली. दाराशी येऊन ती चढली नाही. आधी गाडीच्या पुढे गेली, मान वर करून काचेतली पाटी वाचली, मग माघारी आली आणि पायरीवर पाय ठेवला.

"अगं बाई! दुपारी का नाही बसलीस? मी नाव ओरडत होते ना तुमच्या गावाचं?"

"पाटी दुसरी व्हती."

मला पुढे बोलताच येईना. खरंच दुसरी होती. जादा फेरीच्या गडबडीत आम्ही दुपारच्या गावाची पाटी तशीच ठेवली होती. या रस्त्याची पाटी सीटमागे पडून होती, ती लावायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

"आजीनं सांगितलंय, पाटी बघून बसायचं. कुणी काही बी सांगू दे, पाटीवर आपलं गाव असंल तरच."

ती रडली वगैरे नव्हती. डबा खाल्ला होता, गृहपाठही उरकला होता. गिरणीवाल्या मावशींनी तिला आत बसवून घेतलं होतं आणि मधूनमधून लक्ष ठेवलं होतं. दुपारच्या गाडीत बस, असं त्यांनीही दोनदा सांगून पाहिलं. ऐकली नाही. साडेबारापासून सव्वापाचपर्यंत ती तिथे होती. आम्ही ती फेरी टाळली असती तर रात्रीपर्यंतही तिथेच राहिली असती, कारण त्यानंतर तिच्या गावाची पाटी लावलेली गाडी थेट दुसऱ्या दिवशी.

तिला मी पुढच्या सीटवर बसवलं. हातपाय गार पडले होते. माझी शाल दिली, ती तिने आधी दप्तरावर टाकली. पुस्तकं भिजू नयेत म्हणून.

तिचं गाव शेवटून दुसरं. आई-बाप पुण्याकडे बांधकामावर, ही आजीजवळ. आम्ही पोचलो तेव्हा आजी पोत्याची खोळ पांघरून बाभळीखाली उभी होती, रोज असते तिथेच. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. बाकीची पोरं दुपारीच घरी आली, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी खाली उतरले, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आजी, चूक माझी झाली. पाटी बदलायची राहिली."

आजीने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, ओली वेणी पिळली.

"तिचं बरूबर हाय मग," एवढंच म्हणाली. माझ्यावर रागावली नाही. नातीलाही ‘बसायचं होतंस की’ असं म्हणाली नाही. ते मला फार मोलाचं वाटलं. दोघी एका खोळीत पांदीने निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना भेटले. शाळा लवकर सोडायची असेल तर आधी स्टँडला फोन करायचा, गाडी येईपर्यंत पोरं शाळेच्या आवारात ठेवायची, एवढ्यावर बोलणं झालं. कंट्रोलर साहेबांचा नंबर आता ऑफिसच्या भिंतीवर रंगवलेला आहे. आणि जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा कापून मी चारही गावांची नावं मार्करने ठळक लिहिली. तो पुठ्ठा माझ्या पिशवीत, तिकिटाच्या मशीनच्या खाली असतो.

जानेवारीत तो एकदा लागला. स्नेहसंमेलनामुळे शाळा तीनला सुटणार होती आणि या वेळी सकाळीच फोन आला होता. आम्ही फाट्यावर गेलो, मी पुठ्ठा काचेला टेकवला. पोरं धावत दाराशी आली. ती मात्र आधी पुढे गेली. ओठ हलवत चारही नावं वाचली, तिसऱ्या नावावर थांबली आणि मग चढली.