सकाळचा माल पास, दुपारचा फेल

सकाळी नऊच्या लोडमधले प्लायवूडचे बोर्ड करवतीखाली स्वच्छ कापले गेले. दुपारी दोनच्या लोडमधले बोर्ड कडेने पुस्तकासारखे उघडायला लागले. माल १२ मिमीचा, एमआर (ओलावा सोसणाऱ्या) ग्रेडचा. ग्लूचं यूरिया फॉर्मल्डिहाइड रेझिन त्याच टाकीतलं, त्यात मिसळायचा मैदा त्याच लॉटचा, प्रेसवर तेच ११० अंश आणि तोच १२ किलोचा दाब. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला आमचा प्लायवूड कारखाना, वर नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस), शेडमध्ये ४३ अंश. प्रॉडक्शनचा निकाल पाच मिनिटांत लागला होता: काल आलेला रेझिनचा टँकर खराब आहे.

टँकरवर बोट ठेवणं सगळ्यात सोपं असतं, कारण तो निघून गेलेला असतो. पण फुटलेले बोर्ड समोर होते, म्हणून मी आधी तेच बघायला घेतले. आमच्याकडे मांडणीच्या वेळी प्रत्येक बोर्डवर खडूने नंबर टाकतात, आणि त्या दिवशी हा खडू कामाला आला. १ ते १८ नंबरचे बोर्ड सुटलेले, १९ ते २६ अर्धवट, त्यापुढचे ठीक. म्हणजे जे आधी मांडले गेले, तेच फुटले होते. एकाच घाण्यातला, म्हणजे एका वेळी कालवलेला, ग्लू सगळ्यांना लागलेला. रेझिनच वाईट असतं, तर ते नंबर बघून वाईट झालं नसतं.

दुसरी गोष्ट, फाट कुठे आहे? विनियरमध्ये, म्हणजे बोर्डच्या पातळ लाकडी थरांत, ओल जास्त असेल तर प्रेस उघडताना आत कोंडलेली वाफ बोर्डच्या मधोमध फुगा काढते. इथे मध्यभाग बरा होता आणि सुटत होत्या कडा. प्रेसच्या आधी ग्लू कडांकडून वाळत आत जातो, त्यामुळे कड सुटली की पहिला संशय वाळण्यावर घ्यावा.

मग सुरी घातली. आयएस १७३४ या भारतीय मानकात थरांची पकड तपासायची सुरीची पद्धत आहे: धारदार पातं ग्लूच्या रेषेत घालून थर उचकटायचा आणि किती भाग लाकडाच्या तंतूंनी झाकलेला आहे ते बघायचं. चांगल्या जोडात लाकूड फाटतं, ग्लू सुटत नाही. इथे एका बाजूला ग्लूचा गुळगुळीत, चमकदार थर होता, रोलरच्या खाचांच्या रेघाही तशाच उमटलेल्या, आणि समोरची बाजू कोरी. खात्री करायला प्रथमोपचार पेटीतलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून दोन्ही बाजूंना फासलं. ग्लूमध्ये मैदा असल्याने स्टार्च आयोडीनने निळा-काळा होतो. स्प्रेडरमधून (ग्लू लावणाऱ्या रोलरच्या यंत्रातून) गेलेला कोअर, म्हणजे आतला थर, काळा झाला आणि त्याच्यावर बसलेला थर लाकडाच्याच रंगाचा राहिला. ग्लू पलीकडे गेलेलाच नव्हता. ही तपासणी दोन रुपयांची आहे आणि मैद्याच्या ग्लूवर कुठेही करता येते. नुसत्या डोळ्यांनी निलगिरीच्या लालसर लाकडावर ग्लूची रेष नीट दिसत नाही.

तरीही टँकरचा हिशोब कागदावर मिटवणं भाग होतं. टाकीतला नमुना आणि टँकरचा राखून ठेवलेला नमुना, दोन्ही घेतले. पीएच ७.८. जेल टाइमसाठी (रेझिन घट्ट व्हायला लागणारा वेळ) परीक्षानळीत रेझिन आणि हार्डनर (ते पकवणारं अमोनियम क्लोराइड) घेऊन ती उकळत्या पाण्यात धरायची, काचेची कांडी ढवळत राहायची आणि कांडीबरोबर गोळा उचलला गेला की घड्याळ थांबवायचं. ५२ सेकंद आले, आमच्या ४५ ते ६० च्या हद्दीत. (नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच, त्यामुळे पाणी ९९ च्या आसपास उकळतं, इतक्याने फरक पडत नाही.) घनभागासाठी (पाणी उडाल्यावर उरणारा भाग) दीड ग्रॅम रेझिन १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवलं, पण त्याचा आकडा तीन तासांनी मिळणार होता.

गोम निघाली व्हिस्कॉसिटीत, म्हणजे दाटपणात. बी-४ कपातून (तळाला भोक असलेला मापाचा कप) रेझिन १७ सेकंदांत वाहून गेलं. आमचा आकडा २२ ते २६. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "बघा, पातळ पाठवलंय." पण तो नमुना ४१ अंशांचा होता, टाकी पत्र्याच्या सावलीत असली तरी पत्रा सकाळपासून तापलेला. तोच नमुना बादलीत थंड करून ३० अंशांवर घेतला, तर २४ सेकंद. रेझिन बरोबर होतं. तापमान न लिहिलेला कपाचा आकडा कपाट भरायला ठीक, निर्णय घ्यायला नाही.

ग्लू किचनमध्ये जाऊन विचारलं तेव्हा पुढचा दुवा मिळाला. मिक्सरवरचे काका मोकळेपणाने म्हणाले, "मॅडम, ग्लू पातळ येऊन राह्यला होता ना, म्हणून मैदा वाढवला. तक्त्यात सेकंद लिहून हायेत, ते तर आणाच लागते." त्यांचं काही चुकलं नव्हतं. भिंतीवरच्या तक्त्यात मिश्रणाचे सेकंद लिहिलेले, तापमान नाही. १०० किलो रेझिनला १५ किलो मैदा, १ किलो अमोनियम क्लोराइड पाच लिटर द्रावणाच्या रूपात, वर थोडं पाणी, असं घाण्याचं प्रमाण. त्या दुपारी मैदा गेला १०० किलोमागे २१ किलो. मैदा ग्लूला अंग देतो आणि तो लाकडात मुरू देत नाही, पण पाणीही धरतो. सहा किलो जादा मैद्याने ग्लूतलं मोकळं पाणी कमी झालं, आणि समोरच्या थरावर ग्लू उतरायला हेच पाणी लागतं.

नोंदवहीतल्या वेळा लावल्या. घाणा १२:२० ला तयार. स्प्रेडर १२:३५ ते १:०५. मग जेवणाची सुट्टी. कोल्ड प्रेस (न तापवता दाबणं) १:३५ ला. हॉट प्रेसमध्ये आधीचा लोड अडकल्याने हा लोड आत गेला दोन वाजता. पहिला बोर्ड ग्लू लागल्यापासून ८५ मिनिटं वाट बघत होता. सकाळच्या लोडमध्ये हीच वेळ अर्ध्या तासाच्या आत होती.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं आणि लगेच औषधही ठरलं: "अमोनिया टाका आन् चालू करा." मी नको म्हटलं, आणि त्या दिवसाचा सगळा वाद याच मुद्द्यावर होता.

थप्पीत वाट बघताना ग्लूला दोन वेगळे आजार होतात. एक म्हणजे प्रेसच्या आधीच पकणं. अमोनियम क्लोराइड रेझिनमधल्या मोकळ्या फॉर्मल्डिहाइडशी संयोग पावतं, त्यातून हेक्झामिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, पीएच उतरतो आणि रेझिन घट्ट व्हायला लागतं. ठोकताळा असा की १० अंश वाढले की वेग दुप्पट. ३० अंशांवर चार तास टिकणारा घाणा ४० वर दोनच तास टिकतो. यावर अमोनिया हा बरोबर उपाय आहे: तो पीएच धरून ठेवतो आणि आम्लाला उशीर लावतो. दुसरा आजार म्हणजे नुसतं वाळणं. रसायन अजून सुरूही झालेलं नसतं, पण पाणी हवेत आणि लाकडात निघून गेलेलं असतं. त्यावर अमोनियाचा काडीचा उपयोग नाही. उलट किचनमध्ये डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

दोन्हींतला फरक ओळखायला मांडणीच्या टेबलावर पडून राहिलेल्या एका कोअरवरचा ग्लू खरवडला आणि कोमट पाण्यात चोळला. पकलेला ग्लू पाण्यात वाळूसारखा कणीदार राहतो. हा मऊ पडला, बोटांना चिकटला, पाणी दुधाळ झालं. म्हणजे वाळलेला होता, पकलेला नव्हता.

तरी एकदा समोर दाखवल्याशिवाय कुणी मानणार नव्हतं. ३० बाय ३० सेंटिमीटरचे तुकडे घेतले. दुहेरी ग्लू रेषेला चौरस मीटरमागे ३४० ग्रॅम हा आमचा हिशोब, म्हणजे एका तुकड्याच्या दोन्ही बाजू मिळून ३१ ग्रॅम. तराजूवर ठेवून ब्रशने लावला. दोन घाणे: एक दुपारचाच, दुसरा त्यात २५ टक्क्यांचा लिकर अमोनिया ३०० मिलि प्रति १०० किलो या प्रमाणात घालून. दोन प्रकारचं विनियर: एक ड्रायरपासच्या थप्पीतलं, इन्फ्रारेड गनवर ४६ अंश, दुसरं लॅबच्या कूलरसमोर ठेवून ३३ पर्यंत आणलेलं. थांबायच्या वेळा १५, ४० आणि ८० मिनिटं. मग सगळे तुकडे प्रेसच्या एकाच खणात.

१५ मिनिटांचे सगळे पास. ४० ला गरम विनियरवरचे दोन्ही घाणे डळमळीत, थंडवरचे ठीक. ८० ला गरम विनियरवर साधा घाणा फेल आणि अमोनियाचा घाणाही तितकाच फेल, तोच चमकदार थर, आयोडीनला तोच एकतर्फी काळेपणा. थंड विनियरवर ८० मिनिटांनीही दोन्ही जेमतेम तगले. अमोनियाने निकाल तसूभरही हलला नाही, विनियरच्या तापमानाने हलला.

विनियरचं गणित नागपुरात मुद्दाम समजून घ्यावं लागतं. ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली की लाकूड हवेशी समतोल साधत तीन-साडेतीन टक्के ओलीवर येऊन थांबतं. पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेत तेच लाकूड १५-१६ टक्क्यांवर जातं. ड्रायरमधून आम्ही सहा-सात टक्क्यांवर काढतो, पण मे महिन्यात दोन दिवस उघड्यावर राहिलेलं विनियर त्याहून कोरडं होतं आणि ग्लूतलं पाणी टिपून घेतं. सुयांचा मॉइश्चर मीटर इथे दगा देतो. साधारण सहा टक्क्यांखाली त्याचा आकडा भरवशाचा नसतो. तुकडा तोलून, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईतो वाळवून, पुन्हा तोलावा. आमचा निघाला ३.८ टक्के.

आणखी एक भागीदार होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं: मांडणीच्या टेबलावर रोखलेला उभा पंखा. ग्लू लावलेला तुकडा तराजूवर दहा मिनिटं ठेवला, तर पंखा चालू असताना ४ ग्रॅम घटला, बंद असताना २. आता ४३ अंशांत उभं राहून विनियर मांडणाऱ्या माणसांचा पंखा काढून घ्या असं मी सांगणार नव्हते, आणि सांगितलं असतं तरी संध्याकाळपर्यंत तो परत आला असता. पंखा हलवून त्या जागी वाळ्याच्या ताट्यांचा मोठा डेझर्ट कूलर माणसांच्या पाठीमागे लावला, झोत टेबलाच्या उंचीच्या वर. माणसांना गार वारा आणि टेबलाभोवती थोडा ओलावा, दोन्ही साधलं. कूलरचं पाणी विनियरवर उडत नाही ना, एवढं मात्र रोज बघावं लागतं.

घाण्यात बदल केला तो असा. २०० किलोऐवजी १०० किलोचा घाणा. मैदा १५ किलोच, कपात काहीही येवो; कपाचा नमुना ३० अंशांवर आणूनच मोजायचा. वरचं सहा किलो पाणी द्यायचं ते फोडलेल्या बर्फाच्या रूपात. सहा किलो बर्फ वितळताना आणि पुढे तापताना साधारण ६८० किलोकॅलरी ओढतो, त्यात ४१ अंशांचा घाणा आठ-नऊ अंशांनी उतरतो. क्रम महत्त्वाचा: आधी रेझिनमध्ये मैदा गाठी मोडेपर्यंत फिरवायचा, मग बर्फ, तो पूर्ण विरघळल्यावर हार्डनर. बर्फाचे खडे असताना हार्डनर टाकला तर थंड भागात आणि गरम भागात ग्लू वेगवेगळ्या वेगाने पकतो. हार्डनर १ किलोवरून ६०० ग्रॅम केला, कारण आजचा आजार वाळण्याचा असला तरी या उन्हात पकण्याचाही दारातच उभा असतो. बर्फाच्या लाद्यांच्या बिलावरून स्टोअरवाल्यांशी थोडी हुज्जत झाली. "खायचा बर्फ कारखान्यात कायले?" या प्रश्नाला मॅनेजरांनीच उत्तर दिलं, तोवर ते माझ्या बाजूला आले होते.

ड्रायरमधलं विनियर रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवायचं आणि ३५ अंशांच्या वर असेल तर स्प्रेडरला द्यायचं नाही, हे ठरलं. सगळ्यात कठीण निघालं जेवणाचं. स्प्रेडर थांबवून, लावलेला सगळा माल कोल्ड प्रेसमध्ये घालूनच सुट्टी घ्यायची, म्हणजे जेवण २० मिनिटं पुढे. पोरांनी कुरकूर केली. पण ग्लू लागल्यापासून हॉट प्रेसपर्यंत जास्तीत जास्त ४० मिनिटं, ही मर्यादा पाळायची तर दुसरा मार्ग नव्हता.

राहिले २६ बोर्ड. "परत एकदा प्रेसमध्ये दाबू, चिकटून जाईल" हा सल्ला अशा वेळी हमखास येतो. यूरिया फॉर्मल्डिहाइड एकदा पकलं की पुन्हा वितळत नाही. दुसऱ्यांदा गरम केल्याने जे थोडं धरलेलं असतं तेही ठिसूळ होतं, आणि बोर्ड ठोकल्यावर आवाज भरीव येतो म्हणून फसायला होतं. लकडगंजातल्या गिऱ्हाइकाने तो बोर्ड घेतला आणि सुताराने कडेला खिळा मारला की थर वेगळा. १ ते १८ नंबर बॉयलरला गेले. १९ ते २६ च्या कडा कापून मधला भाग तपासला. ज्यात सुरीने लाकूड फाटलं तो पॅकिंगला ठेवला, विक्रीला नाही.

नव्या पद्धतीच्या पहिल्या लोडचे नमुने ६० अंशांच्या पाण्यात तीन तास आणि मग ६५ अंशांवर आठ तास वाळवण, अशा तीन फेऱ्यांसाठी लावले. मुद्दाम पहिल्या पाच नंबरचेच बोर्ड घेतले, ज्यांनी थप्पीत सगळ्यात जास्त वाट बघितली होती. तिसऱ्या फेरीनंतर सुरी घातली, तर निलगिरीचा तंतू दोन्ही बाजूंना. टँकरच्या घनभागाचा आकडा त्याआधीच आला होता, ५०.४ टक्के, आणि पुरवठादाराला लिहून ठेवलेलं तक्रारीचं पत्र मॅनेजरांनी फायलीतून काढून टाकलं.