मराठी गाणी ऐकवता का कानडी?

बेळगावात कुणालाही सांगितलं की मी परदेशी विद्यार्थ्यांना बोलायचं मराठी शिकवते आणि त्या वर्गात आम्ही गाणी ऐकतो, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मराठी गाणी ऐकवता का कानडी?" विचारणारे दोन्ही बाजूंचे असतात. परवा लग्नात तुम्हीही विचारलंत, पण पंगत बसत होती, उत्तर अर्धंच राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

आधी त्यांचीच गाणी. ही मुलं इथं डॉक्टर व्हायला येतात. बरीचशी मलेशियाची, काही आफ्रिकेतली. वॉर्डात एका खाटेवर खानापूर-निपाणीकडची मराठी आजी असते, शेजारच्या खाटेवर बैलहोंगल-सौंदत्तीकडची कानडी. "कुठं दुखतंय?" एवढं विचारायला पाठांतर पुरतं. आजी सांगायला लागली की ते संपतं. म्हणून वर्गात एकच नियम आहे: आवडतं गाणं आणायचं, आणि वाजवायच्या आधी ते कोण कुणाला म्हणतंय, का म्हणतंय, हे मराठीत सांगायचं. ज्या गाण्यावर जीव असतो त्याच्याबद्दल माणूस गप्प राहत नाही. क्रियापद सापडलं नाही तर हातवारे करतो, पण सांगतो.

केनियाच्या एका मुलानं 'मलाइका' आणलं. मूळ स्वाहिली गाणं, मिरियम मकेबांच्या आवाजात जगभर गेलेलं. तो म्हणाला, "मुलगा गरीब आहे. मुलीच्या घरी द्यायला पैसा नाही. लग्न होत नाही. म्हणून रडूलाय." आमच्याकडे उलट मुलीच्या बापाकडून पैसा मागितला जातो, हे मी सांगितल्यावर वर्गात जो गलका झाला! देणं, घेणं, मागणं, परवडणं ही क्रियापदं त्या दिवशी मला शिकवावी लागली नाहीत. वर्गातली एक मुलगी मात्र रागावली, कुणाच्याही बाजूनं पैसा मागणं वाईटच, असं तिनं ठासून सांगितलं. तिचं म्हणणं मला पटतं.

मलेशियाच्या मुली 'रासा सायांग' आणतातच. त्यातली कडवी पंतुन या मलय छंदात असतात. चार ओळी, पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी. पहिल्या दोन ओळींत बाहेरचं काहीतरी दिसतं, पुढच्या दोन ओळींत मनातलं येतं. त्यांनी म्हटलेलं एक कडवं साधारण असं: कुंपणाबाहेर चेंपेडाक लागलंय, काठी घेऊन पाडा, मी नुकतीच शिकायला लागलेली पोर, चुकलं तर दाखवून द्या. चेंपेडाक म्हणजे फणसाच्याच कुळातलं फळ. ते कळल्यावर मला आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. त्यांतही आधी दारातली तुळस येते नाहीतर पंढरीची वाट, आणि मग हळूच भाऊ येतो. मी दोन ओव्या म्हणून दाखवल्या. मुली म्हणाल्या, "टीचर, हे तर आमचंच आहे."

त्यांच्यातलीच एक पुढं सांगू लागली. मलेशियानं आपल्या पर्यटनाच्या जाहिरातीत हे गाणं वापरलं, तेव्हा २००७ मध्ये इंडोनेशियात लोक खवळले. गाणं आमच्या मालुकू बेटांचं आहे, असं त्यांचं म्हणणं. मग तिनं निरागसपणे विचारलं, "इथं असं भांडण असतं का?"

हा प्रश्न बेळगावात! मी तिला सगळं सांगितलं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यावर आंदोलनं झाली, माणसं गेली, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी शाळेतली पटसंख्या घटताना बघून मला तुटतं, हेही सांगितलं. त्यात मला काही लपवायचं नाही.

पण गाण्यांची वाटणी मला करवत नाही. ज्ञानेश्वरांनी 'कानडा वो विठ्ठलु करनाटकु' म्हटलं. मराठी संगीत रंगभूमी घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मले. कुमार गंधर्वांचा जन्म सुळेभावीचा, १९२४ चा. घरची भाषा कानडी, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. आणि 'ऋणानुबंधाच्या' त्यांच्या आवाजात ऐकताना इथल्या कुठल्या मराठी माणसाला ते परके वाटले?

मी वर्गात भीमसेन जोशी लावते, गदगचे. आधी एक अभंग, लगेच कानडी संतकवी पुरंदरदासांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'. भाषा बदलली हे सांगत नाही. मागच्या तुकडीतल्या एका मुलीनं शेवटी हात वर केला: दोन्हीत विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं, तो कोण? बरोबर ऐकलं होतं पोरीनं. लक्ष्मीच्या त्या पदाच्या शेवटीही पुरंदर विठ्ठलाची राणी म्हणूनच तिला हाक आहे. दासांची तीच मुद्रा, म्हणजे पदाच्या शेवटी घातलेली सही. मग पंढरपूर, वारी, आणि आपल्याकडून जाणाऱ्या दिंड्यांतली कानडी बोलणारी माणसं, हे सगळं सांगण्यात तास संपला.

तेव्हा उत्तर असं: दोन्ही ऐकवते. वर्ग मराठीचा आहे, बोलणं मराठीत होतं, ते मी सोडणार नाही. मराठी वर्गात कानडी पद कशाला, असं विचारणाऱ्यांना मी वॉर्डातल्या त्या दोन खाटा दाखवते.

आणि एक काम आहे तुमच्याकडे. तुमच्या सासूबाईंना जात्यावरची कानडी पदं येतात असं तुम्ही म्हणाला होता. नवी तुकडी यायच्या आत त्यांच्या आवाजात दोन-चार फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का? मलेशियाच्या पोरींना पंतुनच्या शेजारी ऐकवायची आहेत. मराठी ओव्या माझ्याकडे आहेत.