२० तारीख आणि ठेलाऱ्यांचा वाडा

व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरायची: दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. धुळ्यात साक्री रोडवरच्या एका ऑफिसात मी नऊ वर्षं हेच करतेय. काम येतं मला, आकडे आवडतातही. पण १८-१९ तारीख आली की छातीत कालवाकालव सुरू होते. समोर व्हाउचरांचा गठ्ठा असतो आणि मला दिसते ती फक्त स्कूटीची चावी.

गेल्या वर्षी एका २० तारखेला दुपारी चहाला म्हणून खाली उतरले ती थेट कोंडाईबारी घाटात पोचले. मागे दहिवेल, पुढे नवापूर, सुरतेकडे निघालेल्या ट्रकांची रांग. फोन बंद. नोकरी, फ्लॅटचा हप्ता, नणंदेच्या लग्नाची खरेदी, सगळं टाकून असंच पुढे जात राहावं, हे इतकं स्वच्छ वाटलं की रडू आलं. रात्री घरी परतले. एका व्यापाऱ्याचं ३बी राहून गेलं होतं. दिवसाला ५० रुपये लेट फी, ती मी भरली. दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभं राहणं त्याहून जड गेलं.

त्यानंतर नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. मोठेपणी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि एका जागी बसवत नसण्याच्या त्रासाचं, निदान करताना लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, ते बघतात. आईने पत्र्याच्या पेटीतून माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक शोधून काढलं. शेरा होता, 'हुशार आहे. जागेवर बसत नाही.' आई ते हातात धरून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "तुले मी कितलं मारं व." मला त्या दिवशी बाकी काही ऐकायचं नव्हतं.

२००८ साली केनियातल्या आरिआल लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डीआरडी४ नावाच्या जीनचा एक प्रकार एडीएचडीशी जोडला जातो. तो असलेले पुरुष गुरांमागे फिरणाऱ्या गटात चांगले पोसलेले होते, आणि गाव करून राहिलेल्या गटात उलट दिसलं. त्या एका जीनने एडीएचडी होतो असं नाही. पण वाचताना मला आमच्याकडचे फिरते मेंढपाळ, ठेलारीच आठवले.

साक्रीकडे माझ्या मामांच्या शेतात कापूस निघाला की ठेलाऱ्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्या-बिऱ्हाडासकट तळ, उतरतो. मेंढ्या बसवल्या की रानाला लेंडीखत मिळतं. लहानपणी मी त्यांच्या घोड्यांमागे कोसभर जायचे आणि मामा मला सायकलवर परत आणायचे. या जानेवारीत गेले तेव्हा तिथल्या एका बाईंना विचारलंच, तुमच्यासोबत येऊ का?

त्यांनी मला पहाटे यायला सांगितलं. अंधारातच बिऱ्हाड घोड्यावर चढत होतं. आधी गोधड्या, त्यावर भांडी, मग बाज उलटी करून बांधलेली, बाजेत कोंबड्या आणि नुकतं जन्मलेलं कोकरू. प्रत्येक दोर ठरलेल्या जागी. एक गाठ मी बांधली. त्यांनी ती न बोलता सोडली आणि पुन्हा बांधली, कारण दोर सरकला तर घोड्याची पाठ सोलते. संध्याकाळी मेंढ्यांची मोजदाद, एकही चुकवून चालत नाही. मी ज्याला सगळं सोडून जाणं समजत होते, त्यात काहीच सोडलेलं नव्हतं. फक्त बसून राहणं नव्हतं.

आता सरांशी बोलून घेतलंय. साक्री, पिंपळनेर, शिरपूरच्या व्यापाऱ्यांकडून कागद आणायचं काम माझ्याकडे आहे. एंट्री मी सकाळी करते, गोळी घेतल्यावर. घाटाची ओढ गेलेली नाही आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

वाडा पुढच्या हंगामात येईल. दोन दिवस सोबत चालायला त्या बाई हो म्हणाल्यात. गाठ शिकून ये, एवढंच बजावलंय.