मुरूम आणि पाषाण कागदावर एकच झाले तेव्हा

बोअरवेलचा छेद छापणारा प्रोग्रॅम मी विंडोज ९८ च्या काळात लिहिला. उभ्या पट्टीत वरून खाली थर: माती, मुरूम, मांजऱ्या (खडकाचा एक प्रकार), काळा पाषाण. रंगीत प्रिंटर नव्हता, म्हणून मुरमाला ठिपके दिले, मांजऱ्याला तिरप्या रेघा, पाषाणाला आडव्या-उभ्या. हे सजावटीसाठी नव्हतं. मुरूम कुठे संपतो ते बघूनच केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, किती खोल उतरवायचं ते ठरतं.

स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसत होतं. ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० बिंदू) लेझर प्रिंटरवर मात्र अख्खी पट्टी करडी आली. भिंगातून पाहिलं, तर नक्षी होती, पण खसखशीहून बारीक. ८ बाय ८ पिक्सेलचा तुकडा ९६ डीपीआयच्या स्क्रीनवर २.१ मिलिमीटर जागा घेतो, ६०० वर जेमतेम ०.३४.

शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरवर तेच पान काढलं, तर रेघा ठसठशीत आणि ठिपके पुन्हा करडे! यात माझे दोन दिवस गेले. विंडोजमध्ये आकारात नक्षी भरायला ब्रश असतो. ठिपक्यांसाठी मी बिटमॅपचा, म्हणजे छोट्या चित्राचा, ब्रश वापरला होता, तो पिक्सेलला पिक्सेल उतरतो. रेघांसाठी विंडोजचा तयार हॅच ब्रश होता, आणि त्याच्या रेघांमधलं अंतर ज्याचा त्याचा ड्रायव्हर ठरवतो.

मग बिटमॅप सहापट मोठा केला. विंडोज २००० वर जमलं. पण विंडोज ९५ मोठ्या बिटमॅपचा फक्त ८ बाय ८ चा तुकडा घ्यायचं, त्यामुळे तिथे काही थर कोरेच आले.

शेवटी ब्रशचा नाद सोडला. थराच्या कडेची रेषा (पाथ) आखून तिचीच क्लिप लावली, म्हणजे तिच्याबाहेर काही उमटणार नाही, आणि आत एकेक रेघ, एकेक ठिपका स्वतः काढला, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. प्रिंटरचं रेझोल्यूशन छापतानाच विचारून घ्यायचं. पेनची जाडी शून्य ठेवलेली चालत नाही. शून्य म्हणजे एक पिक्सेल, आणि ६०० डीपीआयवर ती रेघ ०.०४ मिलिमीटरची, डोळ्याला जेमतेम दिसणारी. मी ०.२ धरली. क्लिपसाठी पाथऐवजी रीजन (विंडोजमध्ये क्षेत्र ठरवायची दुसरी पद्धत) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: रीजनची मापं डिव्हाइसच्या पिक्सेलमध्ये लागतात, नाहीतर क्लिप भलतीकडेच पडते.

दोन्ही प्रिंटरची पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. मुरमाची खालची सीमा रेघेवर रेघ बसली.